डब्यात सापडलेली जुनी बेसबॉल कार्डे: अस्सल की नंतरची पुनर्मुद्रणे?

नवखा_संग्राहक

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे अमेरिकेत राहतो आणि बेसबॉल पाहण्याची गोडी मला लागली आहे. कार्डांच्या बाबतीत मात्र मी अगदीच कोरा आहे. गेल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियातील एका इस्टेट सेलमध्ये (घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत) चिरुटांचा एक जुना लाकडी डबा मी साठ डॉलरना विकत घेतला. त्यात सतरा बेसबॉल कार्डे निघाली. त्यांपैकी चौदा कार्डांवरील खेळाडूंची नावे मी कधी ऐकलेली नाहीत, पण उरलेली तीन नामांकित खेळाडूंची, अस्सल असतील तर फार मौल्यवान ठरणारी आहेत आणि ती पाहून माझी झोप उडाली आहे.

पहिले कार्ड होनस वॅग्नरचे आहे, ज्याला टी२०६ म्हणतात त्या मालिकेतील. मागच्या बाजूला निळ्या शाईत पीडमाँट सिगारेटची जाहिरात आहे आणि ‘३५० सब्जेक्ट्स’ असे छापलेले आहे. पुढच्या बाजूला शहराचे नाव ‘पिट्सबर्ग’ असे लिहिताना शेवटचे ‘एच’ हे अक्षर गाळलेले आहे, त्यामुळे मला प्रथम तेथेच शंका आली. दुसरे कार्ड १९३३ सालच्या गाउडी कंपनीचे, बेब रूथचे, पिवळ्या पार्श्वभूमीचे, क्रमांक ५३. तिसरे १९५२ सालच्या टॉप्सचे, मिकी मॅन्टलचे, क्रमांक ३११. तिन्ही कार्डे तपकिरी पडलेली आहेत, कोपरे गोल झालेले आहेत आणि वॅग्नरच्या खांद्यावरून घडी पडल्याची एक रेघ गेलेली स्पष्ट दिसते. पट्टीने मोजले तेव्हा वॅग्नर साधारण ३६ बाय ६७ मिलिमीटर, रूथ ६० बाय ७३ आणि मॅन्टल ६३ बाय ८९ मिलिमीटर भरले.

डबा विकणाऱ्या बाईंनी तो आपल्या आजोबांचा असल्याचे सांगितले आणि त्या खोटे बोलत होत्या असे मला मुळीच वाटत नाही. कागदाचा रंग आणि झीज पाहता कार्डे जुनी वाटतात, एवढेच मला कळते. कार्डांना इजा न करता घरच्या घरी काही तपासता येईल का? की कशाचीही वाट न पाहता ती थेट एखाद्या प्रतवारी करणाऱ्या कंपनीकडे (जी कार्ड तपासून, त्याची प्रत ठरवून ते प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देते) पाठवावीत? शिवाय नक्कल असेल तर तिच्यावर ‘रीप्रिंट’ असे छापणे कायद्याने बंधनकारक असते ना? तिन्हींपैकी एकावरही तसे काही लिहिलेले नाही.

छापखान्यातला

मी बरीच वर्षे ऑफसेट छपाईच्या कामात होतो, त्यामुळे या प्रश्नाकडे संग्राहकाच्या आधी छपाईवाल्याच्या नजरेने पाहतो. तुम्ही कागदाचा रंग, गोल कोपरे आणि झीज यांवरून अंदाज बांधता आहात, आणि नक्कल विकणाऱ्याला तुम्ही नेमके तेच करायला हवे असते. कागद चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी करता येतो, कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल करता येतात, चार दिवस खिशात बाळगले की कडाही मऊ पडतात. जुनेपणा असा मागाहून चढवता येतो; एकदा होऊन गेलेली छपाई मात्र मागाहून बदलता येत नाही. म्हणून आधी छपाई पाहावी, मग कागद आणि झीज सर्वांत शेवटी.

त्यासाठी दहापट ते तीसपट मोठे दाखवणारे भिंग लागेल. सोनार वापरतात तसले साधे भिंगही चालते. कार्ड टेबलावर सपाट ठेवून प्रकाश बाजूने तिरका पडेल अशी व्यवस्था करा.

टी२०६ ही मालिका १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघाली आणि ती लिथोग्राफीने छापलेली होती. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाची शाई वेगळी असे आणि ती वेगळ्या फेरीत कागदावर उतरे. वॅग्नरच्या चित्राखाली त्याचे नाव आणि शहर ज्या तपकिरी अक्षरांत छापलेले असते तो तपकिरी रंग इतर रंग मिसळून केलेला नव्हता. ती तपकिरी शाईच होती. त्यामुळे अस्सल कार्डावरील ते अक्षर भिंगाखाली सलग, भरीव दिसते. शाई कागदाच्या तंतूंत थोडी पसरलेली असते आणि अक्षराची कड किंचित खडबडीत असते, पण मध्ये कुठेही ठिपके दिसत नाहीत.

पुनर्मुद्रण कसे होते ते पाहा. कोणीतरी अस्सल कार्डाचा फोटो काढतो किंवा ते स्कॅन करतो आणि मग संपूर्ण प्रतिमा, म्हणजे चित्र, अक्षरे, चौकट आणि कोरा समास असे सगळे काही सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांत फोडली जाते. यंत्राला हे अक्षर आहे आणि ते चित्र आहे असा भेद समजत नाही. परिणामी तपकिरी अक्षर मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचे बनते आणि भिंगाखाली त्याची कड दातेरी दिसते. चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत एकमेकींवर बसल्यामुळे ठिपक्यांची लहान लहान फुलांसारखी वर्तुळेही तयार होतात. ती एकदा ओळखता आली की नंतर विसरत नाहीत. घरगुती इंकजेट यंत्रावर काढलेली प्रत असेल तर अशी नीटस जाळी दिसत नाही, रंगाचे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे दिसते. लेझर यंत्राची प्रत असेल तर भुकटी कागदावर चिकटून बसल्यासारखी, थोडी चकचकीत दिसते.

येथे नवख्या माणसाची हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. ठिपके दिसले की कार्ड खोटे, असा नियम नाही. अस्सल टी२०६ च्या चित्रातही ठिपके असतात आणि १९५२ च्या टॉप्स कार्डांतील चित्रे तर उघडउघड हाफटोन जाळीची, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणारी आहेत. प्रश्न ठिपके आहेत की नाहीत हा नसून ते कुठे आहेत हा आहे. जेथे एकाच शाईची रेघ किंवा अक्षर असायला हवे, तेथे ते निघाले तर कार्ड नंतरचे समजावे. रूथच्या कार्डाची मागची बाजू यासाठी सोयीची आहे, कारण १९३३ च्या गाउडी कार्डांचा मागचा मजकूर हिरव्या शाईत छापलेला असतो. ती हिरवी अक्षरे भिंगाखाली सलग हिरवी दिसतात, की निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी बसलेले दिसतात, हे पाहायला एक मिनिटही पुरते.

दुसरी जागा म्हणजे कोरा समास. जुना कागद पिवळसर पडतो तो स्वतःच पिवळसर पडतो, त्याच्यावर शाई नसते. पण मूळ कार्ड स्कॅन करताना तो पिवळेपणाही प्रतिमेत येतो आणि नव्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठिपक्यांनी छापला जातो. मी अशी एक प्रत हाताळली होती. तिच्या समासावर बोटाचा मळका ठसा होता, अगदी खराखुरा वाटणारा, आणि भिंगाखाली पाहिल्यावर तो संपूर्ण ठसा पिवळ्या आणि मॅजेंटा ठिपक्यांचा निघाला. कुणा तिसऱ्याच्याच बोटाचा मळ त्या कार्डावर छापून आलेला होता! घडीचेही तसेच होते. तुमच्या वॅग्नरच्या खांद्यावरची रेघ नुसती डोळ्यांना दिसते की बोटालाही लागते? खरी घडी म्हणजे मोडलेला कागद. तेथे शाईचा थर तडकलेला असतो, आतला तंतू उघडा पडलेला असतो आणि त्यात धूळ साचलेली असते. तिरक्या प्रकाशात तिची सावली पडते. छापलेली घडी बोटाखाली गुळगुळीत लागते.

‘पिट्सबर्ग’मधील ‘एच’ची चिंता सोडून द्या. १८९१ ते १९११ या काळात त्या शहराचे सरकारमान्य लेखन ‘एच’विनाच होते, त्यामुळे अस्सल कार्डावरही ते तसेच आहे. पण यावरून तुमचे कार्ड खरे ठरत नाही. नक्कल करणारा फोटोच काढतो, म्हणून मूळची सगळी अक्षरे जशीच्या तशी त्याच्या प्रतीत येतात.

मागची_बाजू

वर छपाईबद्दल जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे फार थोडे आहे. पण तुमच्या प्रश्नातच तीनपैकी दोन कार्डांची उत्तरे आलेली आहेत, तेवढी सांगतो.

१९५२ सालचे टॉप्स कार्ड दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार इंच, म्हणजे सुमारे ६७ बाय ९५ मिलिमीटर असते. आज सर्वत्र दिसणारा अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार टॉप्सने १९५७ सालापासून घेतला. तुमचे मॅन्टल ६३ बाय ८९ भरते, म्हणजे ते नेमके या नंतरच्या आकाराचे आहे. कडा कापून आकार कमी केला असेल असे म्हणावे, तर चारही बाजूंचे पांढरे समास जवळजवळ नाहीसे झालेले दिसायला हवेत. समास शाबूत असतील तर चित्रच लहान करून छापलेले आहे. टॉप्स कंपनीने स्वतःच १९८३ साली १९५२ च्या मालिकेचे पुनर्मुद्रण काढले होते आणि ते याच लहान आकारात होते. मूळ मालिका ४०७ कार्डांची होती, पुनर्मुद्रण ४०२ कार्डांचे. त्या कार्डांच्या मागे ते पुनर्मुद्रण असल्याचे छापलेले असते, परंतु तेवढाच भाग घासून काढून अस्सल म्हणून विकल्याची उदाहरणे जुन्या संग्राहकांना चांगली परिचयाची आहेत. मागची बाजू तिरक्या प्रकाशात धरा आणि एखाद्या जागी कागद पातळ, लोकरीसारखा झाला आहे का ते पाहा.

आता वॅग्नर. टी२०६ मधील कार्डांच्या मागे सोळा वेगवेगळ्या सिगारेट छापांच्या जाहिराती आढळतात, पण प्रत्येक खेळाडूच्या मागे प्रत्येक जाहिरात आढळत नाही. मालिका टप्प्याटप्प्याने छापली गेली आणि कोणत्या टप्प्यात कोणते चित्र होते हे आता चांगले नोंदलेले आहे. वॅग्नरचे कार्ड पहिल्याच टप्प्यात थांबवले गेले, त्यामुळे ते केवळ स्वीट कॅपोरल आणि पीडमाँट या दोन छापांच्या ‘१५० सब्जेक्ट्स’ असे लिहिलेल्या पाठीसहच सापडते. तुमच्या कार्डावर ‘३५०’ आहे, म्हणजे पुढच्या टप्प्यातला आकडा. ज्याने ही प्रत केली त्याने पुढची बाजू वॅग्नरची घेतली आणि मागची बाजू हाताशी असलेल्या दुसऱ्याच एखाद्या कार्डाची जोडली. हे समजायला भिंगाचीही गरज नाही. आकार बरोबर असण्यालाही फारसा अर्थ नाही, कारण योग्य मापाचा पुठ्ठा कापणे कोणालाही जमते. शिवाय अस्सल टी२०६ कार्डेही कापताना एखाद दुसऱ्या मिलिमीटरने लहानमोठी झालेली आढळतात. माप चुकले तर नक्कल पकडली जाते, पण माप बरोबर आले म्हणून अस्सलपणा सिद्ध होत नाही.

रूथबद्दल एवढ्यावरून काही सांगता येणार नाही. १९३३ च्या गाउडी मालिकेत रूथची चार कार्डे आहेत, क्रमांक ५३, १४४, १४९ आणि १८१, आणि पिवळ्या पार्श्वभूमीचे ५३ हेच. मापही जुळते. ते भिंगाखालीच ठरेल.

माझा खरा सल्ला मात्र वेगळाच आहे. तुम्ही त्या तीन कार्डांत इतके गुंतला आहात की उरलेल्या चौदांबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. कोणीही बनावट मॅन्टल बनवतो तसा बनावट अनामिक राखीव खेळाडू बनवत नाही, कारण त्यात पैसा नाही. तेव्हा ती चौदा कार्डे अस्सल असण्याचा संभव बराच आहे आणि तसे असेल तर तपासणीचे सर्वांत चांगले साधन त्याच डब्यात पडलेले आहे. त्यांत एखादे १९५२ चे टॉप्स किंवा १९३३ चे गाउडी असेल तर ते संशयित कार्डाशेजारी ठेवा. दोन्हींची जाडी, कडेवरून दिसणारा पुठ्ठ्याचा रंग, पृष्ठभागाची चमक आणि मागच्या बाजूचा खरखरीतपणा आळीपाळीने पाहा. मिलीग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू असेल तर वजनही करा. अंधारात दोन्ही कार्डांच्या मागे तीच बॅटरी धरून किती प्रकाश आरपार येतो तेही ताडून पाहा. यांतल्या एकाही गोष्टीचे बरोबर उत्तर म्हणून एखादा आकडा तोंडपाठ करण्याची गरज नाही. त्याच मालिकेतले खरे कार्ड शेजारी असले की फरक आपोआप बोलतो. मी स्वतः कोणत्याही नव्या मालिकेकडे वळताना आधी तिच्यातले एक स्वस्त, कोपरे झिजलेले, पण नक्की अस्सल असे कॉमन, म्हणजे फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूचे कार्ड विकत घेतो.

कायद्याविषयी तुमचा समज बहुतेकांचा असतो, पण तो बरोबर नाही. अमेरिकेत १९७३ चा हॉबी प्रोटेक्शन अॅक्ट आहे. तो नाणी, चलन आणि राजकीय प्रचाराच्या वस्तू यांच्या नकलांवर खूण करण्याची सक्ती करतो. बेसबॉल कार्डे त्यात येत नाहीत. नक्कल अस्सल म्हणून विकणे ही अर्थातच फसवणूक ठरते, पण नुसती नक्कल छापताना तिच्यावर ‘रीप्रिंट’ लिहिलेच पाहिजे असे तो कायदा म्हणत नाही. ऑनलाइन विक्रीत तर वर्णनाच्या अगदी शेवटी ‘आरपी’ एवढी दोनच अक्षरे टाकून विक्रेते हात झटकतात. आरपी म्हणजे रीप्रिंट, हे नवख्या माणसाला कळत नाही.

प्रतवारीसाठी एवढ्यात काहीही पाठवू नका. नक्कल निघाली तर ते कार्ड बंद पेटीत न घालता परत करतात आणि शुल्क सहसा परत मिळत नाही.

अतिनील

वरील दोन्ही उत्तरांत एका तपासणीचा उल्लेख आलेला नाही आणि ती अनेकदा अर्धवट माहितीवर केली जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात प्रकाशवर्धक रसायने घालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली आणि पुढे रुळली. ही रसायने अतिनील दिव्याखाली झगझगीत निळसर पांढरी चमकतात. १९०९ च्या किंवा १९३३ च्या पुठ्ठ्यात ती असण्याचे कारण नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरल्यावर तुमचा वॅग्नर किंवा रूथ नव्या छपाईच्या कागदासारखा संपूर्ण उजळून निघाला, तर तो विषय तेथेच संपतो.

परंतु उलट अर्थ काढता येत नाही आणि गल्लत होते ती येथेच. कार्ड चमकले नाही म्हणून ते जुने ठरत नाही, कारण अशी रसायने नसलेला कागद आजही मिळतो आणि जुन्या वह्यापुस्तकांची कोरी पाने किंवा पुठ्ठे वापरून केलेल्या नकलाही असतात. १९५२ च्या कार्डांच्या बाबतीत मी या दिव्यावर एकट्यावर कधीच विसंबणार नाही, कारण त्या दशकात ही रसायने कागद उद्योगात आलेली होती. शिवाय संपूर्ण कार्ड न चमकता एखादाच डाग चमकला तर तो अल्बमच्या गोंदाचा किंवा कोणीतरी कार्ड पुसताना वापरलेल्या साबणाचा असू शकतो. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढूनच पाहा, नाहीतर पाकिटाची चमक कार्डाची समजाल.

आणखी एक. कार्ड वाकवून पाहणे, कोपरा ओला करून शाई सुटते का पाहणे, कड नखाने उकलून थर मोजणे असे प्रयोग इकडेतिकडे सुचवलेले दिसतात. ते कृपया करू नका. कार्ड खरे निघाले तर त्या परीक्षेनेच त्याचे नुकसान झालेले असेल.

नवखा_संग्राहक

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. तीसपट भिंग आणि छोटा अतिनील दिवा मागवून काल रात्री दोन तास बसलो होतो. जे दिसले ते क्रमाने लिहितो.

मॅन्टलचे चारही समास शाबूत आहेत, म्हणजे ते कापून लहान केलेले नाही. मागे खालच्या भागात साधारण दीड सेंटिमीटर लांबीची एक जागा तिरक्या प्रकाशात इतकी स्पष्ट दिसली की आधी कशी दिसली नाही याचेच आश्चर्य वाटले. तेथला कागद फुललेला आहे आणि छपाईचा वरचा थर नाहीसा झालेला आहे. उरलेल्या चौदा कार्डांत १९५२ ची दोन टॉप्स कार्डे निघाली आणि ती दोन्ही ६७ बाय ९५ मिलिमीटरच भरली. तिन्ही एका ओळीत ठेवली तेव्हा मॅन्टल त्यांच्या धाकट्या भावासारखा दिसत होता.

वॅग्नरच्या नावातील पहिल्या अक्षरावर भिंग धरले आणि तपकिरी रंग एकदम नाहीसाच झाला. त्या जागी लालसर, पिवळे आणि काळे ठिपके होते. खांद्यावरची घडी बोटाला अजिबात लागत नाही. तिच्या कडेने तर फिकट राखाडी ठिपक्यांची एक रांगच आहे. ती मूळ कार्डावरच्या घडीची सावली असावी. दिव्याखाली ते मागून पुढून असे उजळले की खोलीत माझी बोटे दिसू लागली. कोपरे मात्र कोणीतरी खरोखरच मेहनतीने गोल केलेले आहेत. चारही अगदी सारखे.

रूथने थोडे गोंधळात टाकले. मागची हिरवी अक्षरे सलग हिरवीच दिसली, ठिपके नाहीत, त्यामुळे काही क्षण छाती धडधडली. पण दिव्याखाली हाही संपूर्ण चमकला. चौदांत १९३३ ची दोन गाउडी कार्डे आहेत, त्यांच्या शेजारी ठेवल्यावर हा पुठ्ठा पातळ आणि गुळगुळीत आहे हे हातालाच कळले. पुढच्या बाजूला तळाशी जो लाल पट्टा आहे त्यावरील अक्षरांच्या कडा दातेरी आहेत आणि कोऱ्या समासात पिवळसर ठिपके आहेत. तेव्हा मागच्या बाजूला एकच हिरवी शाई वापरून छापलेले हे पुनर्मुद्रण असावे, असा निष्कर्ष मी काढला. तो बरोबर आहे का?

उरलेल्या चौदांपैकी एकही दिव्याखाली चमकले नाही. दोन गाउडी कार्डांपैकी एक मात्र दुसऱ्यापेक्षा उंचीला जवळजवळ दोन मिलिमीटर कमी आहे. छपाई दोन्हींची सारखीच दिसते. तेही खोटे समजावे का?

छापखान्यातला

रूथविषयीचा निष्कर्ष बरोबर आहे. मागची बाजू एकरंगी असल्याने ती एका शाईत छापणे सोपे आणि स्वस्त असते, म्हणून काही पुनर्मुद्रणांत ती सलग शाईची निघते. पुढची बाजू चार रंगांत छापल्यावाचून त्यांचा निभाव लागत नाही आणि तेथे ते सापडतात. तुम्ही एका खुणेवर न थांबता समास आणि पुठ्ठाही पाहिलात, हे चांगले केलेत. मी आधी फक्त मागची अक्षरे पाहायला सांगितली ती माझी घाई झाली.

मागची_बाजू

दोन मिलिमीटरने उणे असलेले गाउडी खोटे नाही. ते कापलेले असण्याचा संभव जास्त आहे. ही वेगळीच गोष्ट आहे आणि पुनर्मुद्रणापेक्षा ओळखायला कठीण, कारण छपाई आणि कागद दोन्ही अस्सल असतात. झिजलेली कड किंवा गोल झालेले कोपरे पुन्हा धारदार दिसावेत म्हणून एखाद्या बाजूची पट्टी सुरीने किंवा कटरने कापून टाकलेली असते. चारही कडा भिंगाखाली एकामागून एक पाहा. जुन्या कडेत धूळ मुरलेली असते, तिचा रंग कार्डाच्या पृष्ठभागासारखाच उतरलेला असतो आणि तंतू थोडे फुललेले असतात. मागाहून कापलेली कड उरलेल्या तिघींपेक्षा उजळ आणि नितळ दिसते. कार्डाची उंची डाव्या आणि उजव्या टोकाला वेगवेगळी मोजा. हाताने कापलेले असेल तर बहुधा अर्ध्या मिलिमीटरचा तरी फरक निघतो. कोपरे पाहा: ज्या बाजूला कापले आहे तेथील दोन टोकदार आणि दुसऱ्या बाजूचे दोन झिजलेले, अशी जोडी दिसली की शंका उरत नाही.

यात तज्ज्ञही फसलेले आहेत. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ साली जे वॅग्नर कार्ड ४,५१,००० डॉलरना लिलावात घेतले होते, तेच पीएसए या कंपनीने प्रतवारी केलेले पहिले कार्ड ठरले आणि त्याला दहापैकी आठ ही प्रत मिळाली. ते कापलेले असावे अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. अखेर ते पूर्वी ज्याच्या हाती होते त्या बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ साली शिकागोच्या संघीय न्यायालयात गुन्ह्याची कबुली देताना, आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या हे मान्य केले. कार्ड अस्सल होते, त्याबद्दल वाद नव्हता; त्याच्या कडा मात्र कारखान्याच्या नव्हत्या. बंद पेटीवरच्या आकड्याकडे पाहताना मला हे प्रकरण अजून आठवते.

तुमचे कापलेले गाउडी पुढे कधी विकलेत, तर वर्णनात ‘कडा कापलेल्या’ असे स्पष्ट लिहा. त्याची किंमत थोडीच येईल. मी तुमच्या जागी असतो तर ते विकले नसते. पुढच्या वेळी कोणी गाउडी रूथ दाखवला की शेजारी ठेवायला हेच उपयोगी पडेल, आणि ते हाताळताना फार जपावेही लागणार नाही.

नवखा_संग्राहक

आत्ताच मोजले. डावीकडे ७१.२ आणि उजवीकडे ७०.६ मिलिमीटर. वरची कड बाकीच्या तिघींपेक्षा पांढरी आहे आणि वरचे दोन कोपरे टोकदार. ते कापलेलेच आहे.

तीन पुनर्मुद्रणांच्या पाकिटांवर मी ‘पुनर्मुद्रण’ असे पक्क्या शाईत लिहून ती वेगळी ठेवली आहेत. डबा विकणाऱ्या बाईंना आज फोन केला होता. त्यांच्या आजोबांनी ती तीन कार्डे ऐंशीच्या दशकात एका मेळाव्यातून नातवंडांसाठी आणली होती आणि उरलेली चौदा आजोबांच्या स्वतःच्या लहानपणापासूनची होती, असे त्या म्हणाल्या. कोपरे कोणी घासले ते त्यांना ठाऊक नाही.